खुब्याचा सांधा : आत शिरायचे कोणत्या वाटेने?

सांधे शिकवताना उखळीच्या सांध्याची उदाहरणे म्हणून आपण खांदा आणि खुबा सांगतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कमरेच्या हाडातल्या वाटीसारख्या खोबणीत बसते. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासते आणि पाऊल टाकणेही नकोसे होते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे हाडाचा गोळा कापून टाकायचा, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवायचा आणि त्यावर कृत्रिम गोळा लावायचा. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी ही शस्त्रक्रिया रुळवली. परंतु तरुण रुग्णाचा सांधा काही वर्षांनी सैल झाला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी हाड कमी उरते. म्हणून १९९०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या डेरेक मॅकमिन यांनी एक जुनी कल्पना नव्याने वापरली. गोळा कापायचा नाही, तो तासून त्यावर धातूची टोपी बसवायची. दातावर कॅप बसवतात, तसेच हे. खोबणीतही धातूचीच वाटी.

स्थिर म्हणजे काय?

स्थिरतेचे दोन अर्थ आहेत. पहिला, गोळा वाटीतून निसटू नये. ओल्या मातीत एक गोटी आणि एक चेंडू अर्धे दाबा. खळगा न मोडता त्यांना बाजूने बाहेर काढायचे, तर किती वर उचलावे लागते? साधारण त्रिज्येइतके. चार्नलींचा गोळा २२.२५ मि.मी. व्यासाचा होता, म्हणजे सुमारे ११ मि.मी. टोपी घातलेला गोळा ५० मि.मी.चा असेल तर २५ मि.मी. खरी वाटी अर्ध्या गोलापेक्षा उथळ असल्याने हे आकडे कमी होतात, पण मोठा गोळा सहजी निसटत नाही हे खरे.

दुसरा अर्थ, बसवलेले भाग हाडाला धरून राहावेत. वाटीच्या खरखरीत पाठीत हाड वाढून घट्ट होते. टोपी बहुधा सिमेंटने चिकटवतात. टोपीखालचे हाडच मेले तर ती कशावर टिकणार?

वाटांचा हिशेब

मागच्या वाटेने गेल्यास सांधा चांगला दिसतो आणि चालताना कंबर तोलून धरणारे स्नायू शाबूत राहतात. मात्र मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू कापून नंतर शिवावे लागतात. गोळ्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी नेमकी त्यांच्यालगत असते. गोळा फेकूनच द्यायचा असेल तर तिची फिकीर नसते. इथे तो जगवायचा आहे. शस्त्रक्रिया चालू असताना गोळ्यातील ऑक्सिजन मोजला, तेव्हा या वाटेने तो बराच घटलेला आढळला.

बाजूच्या वाटेने धमनीला धोका कमी, पण कंबर तोलणारे स्नायू काही अंशी सोडवावे लागतात, त्यामुळे काहींना लंगड येते. अगदी पुढून गेल्यास स्नायूंच्या मधून जाता येते, परंतु जागा अपुरी पडते. गोळा जागेवरच असल्याने त्याला बाजूला सारून वाटी बसवायची असते.

वाटीचा कल महत्त्वाचा. तो साधारण ४० ते ४५ अंश असावा. वाटी फार उभी बसली तर भार कडेवर येतो, मधला द्रवाचा पातळ थर तुटतो आणि कोबाल्ट व क्रोमियमचे कण सुटून भोवतालच्या ऊतींना इजा करतात. 'एएसआर' नावाचा उथळ वाटीचा सांधा वारंवार बदलावा लागू लागला, म्हणून २०१०मध्ये तो जगभरातून परत घेण्यात आला.

मग कोणती वाट चांगली?

अशा बहुतेक शस्त्रक्रिया मागूनच होतात आणि बहुतेक गोळे जगतात. मानेवरचे मऊ आवरण जपले, तर त्यातील रक्तवाहिन्या वाचतात. एका वाटेने धमनी जपली जाते, दुसरीने वाटी नीट दिसते. म्हणून सर्जनचा हात ज्या वाटेवर बसला आहे आणि जिथून वाटी योग्य कलात बसते, ती वाट बरी. गोळा लहान असेल तर कलातली थोडी चूकही महाग पडते. त्यामुळे आज ही शस्त्रक्रिया मुख्यतः मोठ्या गोळ्याच्या, तुलनेने तरुण पुरुषांसाठी निवडतात.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : तीच धमनी, तीच वाट, मग एका शस्त्रक्रियेत ती जपावी लागते आणि दुसरीत का नाही?