हरताळ का ‘फासतात’?

‘नियमांना हरताळ फासला’ असे वाक्य वर्तमानपत्रात नेहमी वाचायला मिळते. दुकाने बंद ठेवून पाळतात तो हरताळ वेगळा. तो शब्द गुजरातीतील ‘हडताल’वरून आला, म्हणजे हाटाला लावलेले टाळे. फासायचा हरताळ हे एक पिवळे खनिज आहे. संस्कृतमध्ये त्याला हरिताल म्हणतात.

आर्सेनिक आणि गंधक यांचे हे संयुग सोन्यासारखे चमकते. म्हणून फारसीत त्याला ‘जर्निख’ म्हणतात. त्यातील ‘जर’ म्हणजे सोने, आपल्या जरीकाठातले. याच शब्दापासून ग्रीक ‘आर्सेनिकॉन’ आणि पुढे ‘आर्सेनिक’ हे नाव आले.

चिनी लोकांनी मात्र त्यात जोडपे पाहिले. हरताळाच्या सोबत बहुधा तांबडी मनशीळ सापडते. तीही आर्सेनिक व गंधक यांचीच बनलेली असते. त्यांनी हरताळाला ‘मादी-पिवळा’ आणि मनशिळीला ‘नर-पिवळा’ अशी नावे दिली. जपानीत हरताळ म्हणजे ‘सेकिओ’, पिवळा दगड. आणि मनशीळ म्हणजे कोंबड्याच्या तुऱ्याचा दगड.

आता ‘फासणे’ कुठून आले ते पाहू. पोथ्या काजळीच्या शाईने लिहीत. ही शाई पुसली जात नाही आणि खरवडली तर कागद फाटतो. म्हणून लेखनिक हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात खलून चुकलेल्या अक्षरांवर फाशीत. हरताळाचा अपवर्तनांक २.४हून अधिक आहे. त्यामुळे त्याचे कण प्रकाश जोराने विखुरतात व खालची काळी अक्षरे झाकतात. पिवळसर कागदावर हा डाग फारसा उठूनही दिसत नाही.

चीनमध्येही कागद पिवळा रंगवीत आणि चुका हरताळानेच झाकीत. सहाव्या शतकातील जिआ सिश्ये याच्या शेतीविषयक ग्रंथात त्याची कृतीच दिली आहे. वांग यान (२५६–३११) हा विद्वान बोलता बोलता आपलेच विधान बदलत असे, तेव्हा लोक म्हणत, ‘याच्या तोंडातच हरताळ आहे!’ एकाच खनिजाने दोन भाषांना वाक्प्रचार दिले. फरक इतकाच, की चिनी माणूस बेताल बोलण्याला तो लावतो आणि आपण नियम व वचने मोडण्याला.

वर्गात हा प्रयोग करता येईल, पण हरताळ न वापरता. काजळीच्या शाईने लिहिलेल्या अक्षरांवर खडूची पूड, गेरू व पिवडी डिंकात कालवून लावा आणि कोणती पूड अधिक झाकते ते पाहा. हरताळ विषारी आहे. घरात जुनी पोथी असेल आणि तिच्यात पिवळे पट्टे दिसले, तर बोटाला थुंकी लावून पाने उलटू नका. ती हाताळल्यावर हात धुवा, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा.