वेलीला खोड देणारी कला

वांद्र्यात डिसेंबर उजाडला की बोगनवेल डोळ्यांत भरायला लागते. एरवीही ती तिथेच असते, पण पावसाळ्यात तिची नुसती हिरवी, काटेरी जाळी होते आणि नजर तिच्यावर ठरत नाही. हवा कोरडी झाली की रानवरच्या जुन्या घरांच्या कुंपणांवरून, पाली हिलच्या चढावरच्या भिंतींवरून, चिंबईच्या गल्लीतल्या एखाद्या गच्चीवरून किरमिजी, केशरी, पांढरे झुपके खाली झेपावतात. येणारा-जाणारा मान वर करून बघतो. बोनसाय करणारा मात्र खाली बघतो. फाटकाशेजारी पिढीभर उभ्या असलेल्या या वेलीचा बुंधा मांडीएवढा जाड झालेला असतो. त्यावर पीळ असतात, खोल खोबणी असतात, मधेच एखादी पोकळी असते. वेल म्हणून लावलेल्या रोपाचं तिथे झाड झालेलं असतं. एवढं वय ट्रेमध्ये आणता येतं, आणि ते आणण्याची कला मुंबईच्या हवेला जितकी मानवते तितकी फार थोड्या शहरांना मानवत असेल.

वेलीचा बोनसाय म्हटलं की पहिली शंका रास्तच येते. बोनसाय म्हणजे खोड, आणि वेलीला कुठलं आलंय खोड? वेल आपली सगळी कमाई लांबीवर खर्च करते. दुसऱ्याच्या अंगावर चढून उजेड गाठायचा असेल तर स्वतःचं खोड जाड करण्याची गरज नसते. पण आधार मिळाला नाही, शेंडा वरचेवर छाटला गेला, की हीच वेल बुंध्याशी साठा करू लागते. सगळ्याच वेली मात्र हे करत नाहीत. मनीप्लांट घरोघरी आहे, पण तो एकदल वर्गातला. खोड वर्षागणिक जाड करणारा ऊतीचा थर त्याच्याकडे नसतोच, त्यामुळे त्याचा बोनसाय कधीच होणार नाही. गोकर्ण, कृष्णकमळ यांची फुलं देखणी, पण खोडं कोवळी. ज्यांचं लाकूड होतं त्या वेली वेगळ्या: मधुमालती, जाई, निळ्या तुऱ्यांची पेट्रिया, आपल्या सह्याद्रीतली माधवीलता, द्राक्ष, आणि या सगळ्यांत पहिली बोगनवेल.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६७ मध्ये बूगनव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों याने रिओ दि जानेरोजवळ ती गोळा केली आणि आपल्या कप्तानाचं नाव तिला दिलं. त्याच्याबरोबर पुरुषाच्या वेषात जान बारे ही बाई त्या जहाजावर होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. कोमेर्सोंची प्रकृती तोळामासा, त्यामुळे रानात फिरून नमुने जमवण्याचं बरंचसं काम तिनेच केलं असणार, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मलाही ते पटतं.

भारतात ही वेल १८६० च्या सुमारास आली आणि इथलीच झाली. बेंजामिन पियरी पाल हे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, गव्हाच्या तांबेरा-प्रतिकारक जातींसाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ. त्यांनी गुलाबाइतकंच प्रेम बोगनवेलीवर केलं, नव्या जाती काढल्या, तिच्यावर लिहिलं. जगभरातल्या बोगनवेलीच्या नव्या जातींची नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. एकाच वेलीवर पांढरे आणि गुलाबी असे दोन्ही रंग धरणारी ‘मेरी पामर’ही भारतातच सापडली. बोनसायवाल्यांना ती फार प्रिय, कारण हातभर उंचीच्या झाडावर दोन ऋतू एकदम आल्यासारखं वाटतं.

ज्याला आपण बोगनवेलीचं फूल म्हणतो ती खरी रंगीत पानं, वनस्पतिशास्त्रात त्यांना छदे म्हणतात. तीन छदांच्या मधे असलेल्या बारीक पांढऱ्या नळ्या ही खरी फुलं. बोगनवेलीचं कूळ गुलबक्षीचं. छदांचा तो रंग ज्या रंगद्रव्यांनी येतो त्याच गटातली द्रव्यं बीटात असतात. बीटाशी आणखीही एक साम्य आहे आणि ते बोनसायच्या कामाचं आहे. बीटाची चकती कापली की एकात एक वर्तुळं दिसतात, कारण जाडी वाढवणारे थर एकामागून एक नवे तयार होत जातात. बोगनवेलीचं खोडही अशाच थरांनी भरतं. म्हणून ते गुळगुळीत गोल न राहता पिळदार, पन्हळीसारखं होतं. लहान वयात म्हातारं दिसण्याचं जे कसब बोनसायला हवं असतं, ते या वेलीत उपजतच आहे. त्याची किंमतही ती मोजते. तिचं लाकूड मऊ, मेलेला भाग लवकर कुजतो. जपानी कलावंत जुनिपरचं वाळलं लाकूड शतकभर मिरवतात, तसं इथे होत नाही. पोकळी आली तर ती कोरून स्वच्छ करायची, आत पाणी साचणार नाही असा उतार द्यायचा, आणि त्या पोकळीलाच झाडाचं रूप मानायचं.

जपान्यांनाही वेली वर्ज्य नव्हत्या. त्यांची फुजी, म्हणजे विस्टेरिया, ही वेलच. जांभळे घोस पुरते लोंबावेत म्हणून तिचे बोनसाय मोठे ठेवतात. तेइका काझुरा ही जाईसारख्या फुलांची वेलही ते कुंडीत वाढवतात. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतले बोनसायकार शहराबाहेर ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोनसायचं गावच वसलं. मुंबईत ही कला रुजवण्यात इंडो-जपानी असोसिएशनच्या बोनसाय अभ्यासगटाचा आणि ज्योती व निकुंज पारेख या दांपत्याचा मोठा वाटा. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी २०१८ च्या फेब्रुवारीत ‘बोनसाय नमस्ते’ हे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. मुंबईत राणीच्या बागेत महापालिकेचं वार्षिक फुलांचं प्रदर्शन भरतं तिथेही वामनवृक्षांपुढे गर्दी हटत नाही. बहुतेकांची सुरुवात वड, पिंपळ, उंबर यांनी होते, कारण इमारतीच्या फटीतून उपटलेलं रोप फुकट मिळतं. माझं मत विचाराल तर बाल्कनीत राहणाऱ्या माणसाने वेलीपासून सुरुवात करावी. वडाचा डौल दिसायला खूप वर्षं जातात, बोगनवेल पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच बोलायला लागते.

आणि खरं सांगायचं तर या कलेतली दोन मुख्य कामं मराठी शेतकऱ्याला शिकवायला नकोत. पहिलं काम छाटणीचं. नाशिककडचा द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करतो. तोही एका वेलीलाच शिस्त लावत असतो, कोणत्या डोळ्यावर कात्री चालवायची ते ओळीने बघत जातो. बोगनवेलीलाही असंच असतं. फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून बहर ओसरला की मागे दोन-तीन डोळे ठेवून फांदी कापायची. बुंध्यातून सरळसोट उसळणारे जाड फुटवे दिसले की लगेच काढायचे, नाहीतर सगळा जीव त्यांच्यात जातो. एक अपवाद: बुंधा जाड करायचा असेल तर एखादी फांदी मुद्दाम मोकाट सोडतात. ती हात-दोन हात पळते, तिच्या पायथ्याशी खोड भरतं, मग ती कापून टाकतात.

दुसरं काम ताणाचं. डाळिंब, संत्री, मोसंबीचा बहार धरताना बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल झाली की खत देऊन पुन्हा पाणी सुरू करतात आणि झाड फुलावर येतं. बोगनवेलीची गोष्ट हीच. तिच्या पानाच्या बगलेत नीट पाहिलं तर कळेल, जिथे काटा येतो नेमकी तीच जागा फुलाचीही असते. पाणी आणि नत्र भरपूर, दिवस मोठा, तर तिथे काटा होतो. दिवस लहान, पाण्याचा ताण, तर त्याच जागी फुलाचा दांडा. म्हणून फूल येत नाही असं म्हणत रोज पाणी आणि महिन्याला युरिया घालणारा माणूस स्वतःच्या हाताने काटे पिकवत असतो. पानं जरा लवली, मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागला की मगच पाणी द्यावं, आणि दिलं तर ट्रेच्या भोकांतून वाहीपर्यंत द्यावं.

तार घालणं हा या कलेतला सगळ्यात हळवा भाग. बोगनवेलीची जुनी फांदी वाकवायला गेलात तर कट्‌कन मोडते. वाकते ती पेन्सिलीपेक्षा बारीक, अजून हिरवट असलेली. ॲल्युमिनियमची तार बुंध्याकडून शेंड्याकडे तिरकी गुंडाळायची, दोन वेढ्यांमध्ये डोळा मोकळा ठेवायचा, आड येणारे काटे नेलकटरने तोडायचे. मग दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून फांदी इंच-इंच खाली आणायची. साल ताणली की तिचा रंग किंचित फिका पडतो, तिथे थांबायचं. उरलेलं वळण पुढच्या आठवड्यात. पावसाळ्यात वाढ इतकी जोरात असते की तार महिन्याभरात सालीत रुतते, तेव्हा ती उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी.

मुळांशी मात्र अजिबात खेळू नये. बोगनवेलीची मुळं बारीक आणि ठिसूळ. वडाची मुळं धुऊन, विंचरून नवी माती देता येते, तशी हिची धुतली तर रोप रुसतं, कधीकधी जातंच. मातीचा गोळा शाबूत ठेवून कडेने थोडं कापायचं, एवढंच. माती अशी हवी की पाणी थांबू नये: विटेचा चुरा, जाड वाळू, थोडी पोयट्याची माती, मूठभर शेणखत आणि निंबोळी पेंड.

वांद्र्याची हवा या कामाला अनुकूल आहे. पश्चिमेकडच्या बाल्कनीत दुपारचं ऊन भरपूर, बोगनवेलीला पाच-सहा तास थेट ऊन लागतंच. कार्टर रोड, बँडस्टँडच्या बाजूला खारा वारा इतर कुंड्यांना भाजून काढतो, ही वेल तो सोसते. अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर ट्रे छज्ज्याखाली घ्यावा, निदान एका बाजूने विटेवर तिरका ठेवावा. मोतमाउलीची जत्रा आटोपली, पाऊस मागे सरला की छाटणी करावी आणि पाणी हळूहळू कमी करत न्यावं. मधुमालती ठेवली असेल तर तिला एवढा कडक ताण नको. तिचं बक्षीस वेगळं आहे. संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि त्यानंतर लाल होतं, त्यामुळे एका घोसात तिन्ही रंग सापडतात. तिची फुटव्यांची हौस मात्र दांडगी, कात्री कायम हाताशी हवी. आणि कोणताही बोनसाय कठड्यावर ठेवू नये. वादळी वाऱ्यात खाली माणसं असतात.

बोनसाय म्हणजे झाडाचा छळ, असं पुष्कळजण कळवळून म्हणतात. त्या कळवळ्याबद्दल मला आदर आहे, मत पटत नाही. उपाशी ठेवलेलं झाड लहान राहत नाही, मरतं. ट्रेतलं झाड टिकतं ते रोज कुणीतरी त्याच्याकडे बघतं म्हणूनच. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत वाढतो आहे, हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता, आणि १९७६ मध्ये जपानने तो अमेरिकेला भेट दिला. इतक्या पिढ्यांचे हात लागलेल्या झाडाला छळलेलं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

छळ दुसरीकडे चालतो. वांद्र्यातले जुने बंगले एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. मोठ्या झाडांसाठी निदान १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगी मागावी लागते. फाटकाजवळच्या बोगनवेलीसाठी कुणी थांबत नाही. जेसीबीचा एक दणका, आणि पन्नास वर्षांचा बुंधा राडारोड्याच्या ट्रकमध्ये.

तुमच्या गल्लीत असं घर पडणार असेल तर मालकाला किंवा मुकादमाला आधीच विचारून ठेवा. पाऊस सुरू होण्याच्या बेतात जमलं तर उत्तम. सगळ्या फांद्या उडवा, फूट-दीड फूट बुंधा ठेवा, भोवतालची मुळं करवतीने कापा, ओढून उपटू नका. मुळं फारशी हाती लागली नाहीत तरी धीर सोडू नका, या वेलीचा जाड बुंधाही रुजतो. मोठ्या कापांना मेण किंवा सीलंट लावा, वाळू आणि विटेच्या चुऱ्यात बसवा, सावलीत ठेवा आणि विसरून जा. काही आठवड्यांत फुटवे दिसतील. ते साठवलेल्या अन्नावर आलेले असतात, खाली मुळं धरली असतीलच असं नाही, तेव्हा कुंडी हलवू नका. पुढचा पावसाळा येईपर्यंत तिला हात लावू नका.