नित्यवंदना : कर्मकांड की मनाचा संस्कार?

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही बौद्ध वस्तीत दिवेलागणीच्या सुमारास गेल्यास एक परिचित दृश्य दिसते. विहारात मेणबत्ती व अगरबत्ती प्रज्वलित होते, तथागतांच्या मूर्तीला व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेला फुले वाहिली जातात आणि शेतातून परतलेल्या आयाबहिणी, वृद्ध माणसे व शाळकरी मुले सतरंजीवर बसून त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात. पंधरा-वीस मिनिटांत वंदना आटोपते, एकमेकांना ‘जयभीम’ करून मंडळी घरोघर परततात. दिवसभराच्या कष्टांपुढे हा वेळ अल्पच म्हणावा लागेल. तथापि, हा अल्प वेळ माणसाला काय देतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

आमच्या सुशिक्षित तरुणांपैकी काही जण मात्र तो विचारतात आणि स्पष्टपणे विचारतात. बाबासाहेबांनी आम्हांला कर्मकांडातून बाहेर काढले, मग पुन्हा ही मेणबत्ती, ही फुले आणि अर्थ न कळणाऱ्या पाली गाथा कशासाठी, असे त्यांचे म्हणणे असते. हे तरुण धम्माचे विरोधक नाहीत. उलट बाबासाहेबांनी दिलेल्या चिकित्सक बुद्धीचेच ते वारसदार आहेत. म्हणून त्यांच्या शंकेची वासलात ‘ही आपली परंपरा आहे’ एवढ्या उत्तराने लावता येणार नाही. प्रस्तुत लेखात या शंकेचा धम्माच्या कसोटीवर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शंका रास्त आहे

प्रथमतः हे मान्य केले पाहिजे की, तथागतांनी निरर्थक विधींना धम्मात स्थान दिलेले नाही. माणसाला बांधून ठेवणारी जी दहा संयोजने पाली वाङ्मयात सांगितली आहेत, त्यांतील तिसरे ‘सीलब्बतपरामास’ होय. केवळ व्रते व विधी पाळल्याने शुद्धी होते, ही समजूत म्हणजे हे बंधन. ते तुटल्याशिवाय माणूस स्रोतापन्नही होऊ शकत नाही.

थेरीगाथेतील पुण्णिकेची कथा याच संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. ऐन थंडीत पाणी भरावयास नदीवर जाणारी ही दासी, पाप धुण्यासाठी नदीत उतरून कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की, स्नानाने शुद्धी होत असेल तर पाण्यात राहणारे बेडूक, कासव व मगरी स्वर्गाला जाणार काय? एका दासीने प्रतिष्ठित माणसाला निरुत्तर केल्याची ही नोंद अडीच हजार वर्षांच्या परंपरेने आदराने जपली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही श्राद्ध व पिंडदान नाकारले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘अधम्म’ कशाला म्हणावे याचे विवेचन केले आहे. त्यात ईश्वर, आत्मा व यज्ञ यांवरील विश्वासाबरोबरच धर्मग्रंथांचे केवळ पठन यालाही त्यांनी धम्म मानलेले नाही.

परंतु याच बाबासाहेबांनी १९५६ साली ‘बौद्ध पूजा पाठ’ ही पुस्तिका आपल्या हाती दिली, हेही तितकेच खरे आहे. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. कर्मकांड नाकारणारा महापुरुष वंदनेचा पाठ देतो आणि नियमित दानाचा आग्रह धरतो, यात विसंगती आहे काय? आमच्या मते नाही. ती का नाही, याचे उत्तर सिगालोवाद सुत्तात सापडते.

सिगालाच्या सहा दिशा

दीघनिकायातील या सुत्तात सिगाल नावाचा तरुण राजगृहाबाहेर, ओल्या वस्त्रांनी व ओल्या केसांनी, सहाही दिशांना हात जोडीत असल्याचे तथागतांना दिसले. तो असे का करतो, हे विचारता त्याने सांगितले की, वडिलांनी मृत्युसमयी तशी आज्ञा केली होती. तथागतांनी त्याचा उपहास केला नाही. आर्यांच्या विनयात सहा दिशांना निराळ्या रीतीने वंदन करतात, असे सांगून त्यांनी त्या वंदनाचा अर्थच पालटून टाकला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सहकारी, खालची दिशा म्हणजे नोकर व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. या प्रत्येकाशी कर्तव्याने वागणे हेच त्या त्या दिशेचे वंदन होय.

कर्तव्येही दोन्ही बाजूंनी सांगितली आहेत. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे व घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा. मालकाने कामकऱ्याला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी आणि वेळेवर सुट्टी द्यावी. ज्या जिल्ह्यात असंख्य कुटुंबे आजही रोजमजुरीवर जगतात, तेथे हा उपदेश जुना झाला असे कोण म्हणेल? बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये तो समाविष्ट केला, यामागेही हीच दृष्टी असावी.

यावरून विधीची बौद्ध कसोटी निश्चित करता येते. जो विधी अदृश्य शक्तीकडून काही मिळविण्यासाठी केला जातो, ते कर्मकांड होय. जो विधी करणाऱ्याला त्याच्या कर्तव्याचे स्मरण करून देतो व त्याचे आचरण घडवितो, तो संस्कार होय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी हेतू व परिणाम तपासावे लागतात.

वंदनेतील कृतींचा अर्थ

या कसोटीवर आपली नित्यवंदना घासून पाहू. फूल वाहताना म्हटल्या जाणाऱ्या गाथेत काहीही मागितलेले नाही. हे फूल जसे कोमेजणार आहे तसाच हा देहही नाश पावणार आहे, एवढाच तिचा आशय आहे. दीपपूजेत अज्ञानाचा अंधार दूर करणाऱ्या बुद्धाचे स्मरण आहे. पंचशील म्हणजे कोणा देवाने लादलेल्या आज्ञा नव्हेत. प्राणिहिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून अलिप्त राहण्याचे शिक्षापद मी ग्रहण करतो, असे ज्याचे तो स्वतः म्हणतो. ‘शिक्षापद’ या शब्दातच हे शिकणे रोजचे आहे, एका दिवसात पुरे होणारे नाही, असे सुचविले आहे. मैत्रीभावनेत माणूस स्वतःपासून आरंभ करून सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची इच्छा करतो.

ज्या घरात पाचवे शील रोज संध्याकाळी मुलांच्या देखत उच्चारले जाते, त्या घरातील कर्त्या पुरुषाला दारूच्या दुकानाकडे वळताना आपलाच आवाज आठवतो. नित्य उच्चाराचे बळ ते हेच. अर्थात, जो उच्चार करूनही वळतो त्याला गाथा वाचविणार नाही. परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच संकल्प करण्याची संधी त्याला मिळते.

मन, शरीर आणि समूह

नित्य कृतीने मनाला स्वास्थ्य लाभते, यात गूढ असे काही नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसल्याने विस्कळीत दिवसाला एक स्थिर बिंदू मिळतो. संथ लयीत गाथा म्हणताना श्वास आपोआप लांबतो व शरीराचा ताण सैल होतो. लक्ष उच्चारात गुंतल्याने चिंतेची साखळी काही काळ तुटते. तथागतांनी शिकविलेल्या स्मृतीच्या साधनेचा उपयोग आज रुग्णालयांतही होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली तणाव व जुनाट वेदना यांनी त्रस्त रुग्णांसाठी या साधनेवर आधारित अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला.

एकत्र येण्याचे मोल निराळेच आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सामूहिक विधींमधून समाज आपल्या एकतेचा अनुभव घेतो व व्यक्तीला बळ मिळते. ज्या समाजाला शतकानुशतके मंदिराच्या पायरीवर उभे राहू दिले गेले नाही, त्या समाजातील माणसे स्वतःच्या विहारात एका ओळीत बसून एका स्वरात वंदना म्हणतात, तेव्हा त्यांना मिळणारा आत्मसन्मान हाही आरोग्याचाच भाग मानला पाहिजे.

या जोडीला आत्मपरीक्षण हवे. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत बालवयीन राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल उत्तर देतो. त्याचप्रमाणे कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर ती स्वतःला वा इतरांना दुःखदायक आहे काय हे पाहावे, असा उपदेश तथागत करतात. वंदनेनंतरची दोन मिनिटे या आरशासाठी राखून ठेवली तर तिचे मोल कितीतरी वाढेल.

वत्सगुल्माच्या भूमीत वर्षावास

आपला वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. तेथील शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. या भूमीचा बुद्धाशी असलेला संबंध १९५६ साली प्रथमच जोडला गेला नाही, तो त्या वर्षी नव्याने जिवंत झाला.

अजिंठ्याचे विहार ज्या वर्षावासासाठी उपयोगी पडत, तो वर्षावास आज गावोगावच्या विहारांत निराळ्या रूपाने नांदतो आहे. पावसाळ्यात भ्रमण करणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली कोवळे गवत व लहान जीव चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केल्यावरून तथागतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला, असे महावग्गात सांगितले आहे. आपल्याकडे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामूहिक वाचन होते. हा काळ निंदण, डवरणी व फवारणीचा असतो आणि समारोपाच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी सुरू होते. दिवसभर रानात राबून आलेल्या स्त्रिया रात्री ग्रंथ ऐकावयास बसतात आणि त्यांच्यापैकीच एखादी, जिची शाळा चौथीत सुटली होती, ती पुढे होऊन वाचू लागते. विद्येपासून वंचित ठेवलेल्या घरातील स्त्रीच्या हाती ग्रंथ येणे, ही या विधीची सर्वांत मोठी फलश्रुती आम्ही मानतो.

येथेही एक सावधगिरी हवी. त्याच महावग्गात अशीही नोंद आहे की, बिंबिसार राजाच्या सूचनेवरून भिक्षू उपोसथाला एकत्र जमू लागले खरे, परंतु ते नुसतेच मूक बसून राहात. लोकांनी नावे ठेवली, तेव्हा तथागतांनी त्या दिवशी धम्म सांगण्याची अनुज्ञा दिली. वाचन उरकून चर्चा न करता खीर वाटली जात असेल, तर आपणही त्या मूक बैठकीपर्यंतच पोहोचलो आहोत.

दुःखाच्या घरी

या विषयाचा खरा कस दुःखाच्या प्रसंगी लागतो. केंद्र शासनाने २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत वाशीमही होता. अशा घरी वंदनेने कर्ज फिटत नाही व पीक उभे राहात नाही. जो तसे सांगेल तो धम्माची फसवणूक करील. कर्जासाठी, मजुरीसाठी व हक्कांसाठी संघटित संघर्षच करावा लागेल.

मग वंदना काय करते? ती माणसाला एकटे पडू देत नाही. रोज विहारात दिसणारा माणूस चार दिवस आला नाही, तर कोणीतरी त्याच्या दाराशी जाऊन विचारपूस करते. घरात मृत्यू झाल्यास पुण्यानुमोदनाला सारी वस्ती जमते. किसा गोतमीला ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातील मोहरी आणावयास सांगून तथागतांनी तिला दारोदार पाठविले आणि त्या दारांवरच तिला आपले दुःख सर्वांचे असल्याचे उमगले. पुण्यानुमोदनाचे प्रयोजन हेच आहे. ते कर्ज काढून जेवणावळी घालण्याचे निमित्त झाले, तर श्राद्ध टाकून आपण काय साधले?

मनाचा आजार मात्र आजार म्हणूनच ओळखला पाहिजे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर वंदनेबरोबर डॉक्टरांकडेही नेले पाहिजे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. प्रत्येक विहाराच्या फलकावर हा क्रमांक लिहिलेला असावा, असे आम्ही सुचवितो.

आपण काय करावे?

मोठ्या खर्चाची काहीच आवश्यकता नाही. घरी दिवसातून एकदा सर्वांनी एकत्र बसून वंदना करावी आणि रोज एका गाथेचा अर्थ मराठीत सांगावा. तो सांगण्याचे काम मुलांकडे सोपवावे. नंतर दोन मिनिटे शांत बसून दिवसाच्या कृती तपासाव्यात. रविवारी विहारात जावे व तेथे आठवड्यात कोणाला कशाची अडचण आहे, हे विचारण्याचा प्रघात पाडावा. पौर्णिमेला ज्यांना शक्य असेल त्यांनी अष्टशील पाळावे. विसाव्या हिश्शाची आठवण म्हणून घरात एक दानपेटी ठेवून तीत रोज ऐपतीप्रमाणे नाणे टाकावे आणि ती रक्कम विहारातील अभ्यासिकेला द्यावी.

आमच्या तरुण मित्रांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की, त्यांनी आपली शंका सोडू नये, परंतु ती घेऊन विहारात यावे. अर्थ न कळणारी गाथा म्हटली जात असेल तर उठून अर्थ विचारावा. आज शंका विचारणारा तरुण उद्या तेथे गाथेचा अर्थ सांगू लागेल, तेव्हाच आपली संध्याकाळची वंदना बाबासाहेबांना अभिप्रेत असलेल्या धम्माची वंदना होईल.