डोळा मात्र दिसतोच

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील मये हे गाव बहुतेकांना तेथील तलावामुळे ठाऊक असते; परंतु वस्तू दिसेनाशी कशी होते, या प्रश्नाचे एक उत्तर या भागातील कुळागरांत मिळते. पोफळीच्या बुंध्याला चिकटलेला उडता सरडा सालीसारखाच करडा-तपकिरी व चट्ट्यापट्ट्यांचा असल्यामुळे, नर आपली गळ्याखालची पिवळी पिशवी हलवीपर्यंत तो नजरेत येत नाही. त्याच्यावर पडलेला प्रकाश नेहमीप्रमाणेच परततो, फसते ती पाहणाऱ्याची ओळख. पश्चिम घाटातील नद्यांत आढळणाऱ्या काचमाशाची युक्ती वेगळी आहे. त्याच्या अंगातून बराचसा प्रकाश आरपार जातो आणि मधला काटा, पोटाची चंदेरी पिशवी व काळे डोळे तेवढे उरतात.

या पारदर्शकतेचे मर्म अपवर्तनांकात आहे. पोकळीतील प्रकाशाचा वेग माध्यमात किती पटीने घटतो, ते सांगणारी ही संख्या हवेसाठी जवळजवळ १, पाण्यासाठी १.३३ आणि प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेसाठी सुमारे १.४७ असते. जेथे ही संख्या एकाएकी बदलते तेथे प्रकाश वाकतो व थोडा परततो, आणि म्हणूनच स्वच्छ काचही दिसते. उलट, बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली तर दोहोंचे अंक जुळल्यामुळे तिचा बुडालेला भाग नाहीसा होतो. शेंगदाणा तेलातही ती जवळपास लोपते; खोबरेल तेलाचा अंक १.४५च्या आसपास असल्याने त्यात मात्र कडा पुसट दिसत राहतात, हे गोव्याच्या स्वयंपाकघरात प्रयोग करू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतील अदृश्य माणूस याच तत्त्वावर उभा आहे. फक्त त्याच्या शरीराचा अंक हवेइतका उतरवला आहे. कल्पना शास्त्राला धरून असली तरी तिच्यात एक मोठी अडचण राहते, ती अशी की डोळ्यातील दृष्टिपटलाने प्रकाश शोषला नाही तर दिसणेच संभवत नाही, त्यामुळे पूर्ण अदृश्य माणूस पूर्ण आंधळाही असणार. काचमाशाचे डोळे काळे राहतात, त्यामागेही हीच निकड आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली उंदरांच्या त्वचेवर टार्ट्राझीन या खाद्यपदार्थांतील पिवळ्या रंगाचे द्रावण चोळून ती तात्पुरती पारदर्शक केली, तेव्हा त्यांनी वेल्सच्या उलट वाट धरली: पेशींतील पाण्याचा अंक चढवून तो मेद व प्रथिनांच्या जवळ नेला.

तिसरी पद्धत प्रकाशालाच वळसा घालावयास लावण्याची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तिचे गणित मांडले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या एका लहान नळकांड्याभोवती मेटामटेरिअलची, म्हणजे तरंगलांबीहून बारीक धातुरचना कोरून घडवलेल्या कृत्रिम पदार्थाची, वर्तुळाकार कडी उभारण्यात आली. सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मतरंगांना ते नळकांडे बऱ्याच अंशी जाणवेनासे झाले, पूर्णपणे नव्हे. त्या लांबीसाठी काही मिलिमीटरची नक्षी पुरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी, त्यामुळे नक्षी त्याहूनही बारीक हवी. शिवाय ती एका रंगाला साधली तरी दुसऱ्याला साधेलच असे नसते. जादूच्या अंगरख्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात, पण ही अट क्वचितच त्यांत छापली जाते.

व्यवहारात मात्र लपायचे ते रडारपासून, आणि येथे गोव्याचा संबंध थेट आहे. वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या, सुमारे १२५ मीटर लांबीच्या ‘त्रिपुट’ या स्टेल्थ युद्धनौकेचे २३ जुलै २०२४ रोजी जलावतरण झाले. गोव्याच्या बंदराचे नाव मिरवणारी मुंबईच्या माझगाव गोदीतील ‘मोरमुगाव’ ही विनाशिका १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. अशा नौकांच्या भिंती तिरप्या ठेवतात, जेणेकरून रडारचा तरंग आला त्या वाटेने न परतता भलतीकडे जावा. आयआयटी कानपूरने २०२४ साली सादर केलेले ‘अनालक्ष्य’ हे मेटामटेरिअल-कापड वळसा घालण्याऐवजी रडारचे सूक्ष्मतरंग शोषून घेते. साध्या डोळ्यांना मात्र यांतले काहीच लपत नाही. उलट, अमेरिकेच्या एफ-२२ सारख्या स्टेल्थ विमानांना शांततेच्या काळात उडताना नागरी रडारवर नीट दिसावे म्हणून तरंग परतवणारी ल्यूनेबर्ग भिंगे मुद्दाम जोडावी लागतात.