काचबिंदू: रुग्णांचे आणि डॉक्टरांचेही गैरसमज

काचबिंदूबद्दलचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे तो मोतीबिंदूसारखाच असतो, पिकला की ऑपरेशन करून टाकू. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं; ते काढून नवं बसवलं की दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते. तिच्यात सुमारे १२ लाख तंतू असतात, आणि मेलेला तंतू आज तरी कुठल्याच औषधाने परत येत नाही. उपचार असतात ते उरलेली नजर राखण्यासाठी. हे पहिल्याच भेटीत नीट सांगितलं नाही, तर ‘थेंब घालून काही फरक पडत नाही’ म्हणत रुग्ण औषध सोडून देतो.

‘काही झालं तर कळेलच’ हेही खरं नाही. बहुतेक रुग्णांचा डोळा दुखत नाही, लाल होत नाही. माहितीपत्रकांत काळ्या बोगद्यातून दिसल्यासारखं चित्र छापतात, पण लंडनमधल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना चित्रं दाखवून ‘तुम्हाला कसं दिसतं?’ असं विचारलं, तेव्हा तो काळा बोगदा एकानेही निवडला नाही. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना तर नजर कमी झाल्याची जाणीवच नव्हती. मेंदू रिकामी जागा आपल्या परीने भरून काढतो. दक्षिण भारतातल्या पाहण्यांमध्ये दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना आपल्या आजाराचा पत्ता नव्हता, याचं आश्चर्य वाटायला नको.

डोळ्यातला दाब २१ मिमी पाऱ्याच्या आत म्हणजे काचबिंदू नाही, हा समज काही डॉक्टरांचाही असतो. दाब नॉर्मल असूनही नस झिजणारे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. उलट, अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात दाब वाढलेल्या, पण उपचार न दिलेल्या गटातल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांना पाच वर्षांत काचबिंदू झाला नाही. तेव्हा नुसता आकडा बघून थेंबही लिहून देऊ नयेत आणि घरीही पाठवू नये. नस बघावी, कॉर्नियाची जाडी मोजावी.

आता तरुण डॉक्टरांना सांगितलं जातं की पुढचा काळ एआयचा. नसेच्या फोटोवरून संशयित रुग्ण वेगळे काढण्यासाठी त्याचा मोठा उपयोग होईल, याबद्दल मला शंका नाही. पण यंत्राच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू नये. नसेचं स्कॅन करणाऱ्या ओसीटी यंत्राच्या कागदावरचा लाल रंग म्हणजेही निदान नव्हे. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यात नस निरोगी असतानाही यंत्र लाल दाखवू शकतं, कारण तुलनेसाठी त्यात साठवलेल्या नोंदींत असे डोळे फारसे नसतात.

आणि डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं, त्या कोनाचं काय? आपल्या देशात बंद कोनाचा काचबिंदू भरपूर आहे आणि गोनिओस्कोपीशिवाय, म्हणजे कोन प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, तो उघडा म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज. खोली अंधारी करायची, भुलीचा थेंब टाकायचा, आरसे असलेली छोटी लेन्स डोळ्यावर ठेवायची. प्रकाशाची रेघ लहान ठेवायची आणि बाहुलीत पडू द्यायची नाही; पडली की बाहुली आकसते आणि बंद कोनही उघडा वाटतो. काम मोजक्या मिनिटांचं, पण ओपीडीत गर्दी झाली की पहिल्यांदा हेच गाळलं जातं. निवासी डॉक्टर असतानाच यावर हात बसवून घ्या. नंतर कुणी शिकवत नाही.

लेसर हा शेवटचा उपाय, हा समजही सोडायला हवा. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातून चाललेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थेंबांऐवजी आधी एसएलटी लेसर दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होता. रोजच्या थेंबांचा खर्च आणि विसर यांतून सुटका होण्याची ही मोठी संधी आहे. मात्र ती उघड्या कोनासाठी, म्हणजे पुन्हा गोनिओस्कोपी आलीच.

काचबिंदू फक्त म्हाताऱ्यांना होतो असं मानणाऱ्या पालकांना एक विचारून बघा: मुलाच्या डोळ्यांना खाज सुटते म्हणून दुकानातून आणलेले थेंब किती महिने चालू आहेत? त्यांत स्टेरॉइड असलं, तर दाब वाढून लहान वयातच नस जाऊ शकते.

रुग्णासोबत त्याचा सख्खा भाऊ किंवा बहीण आली असेल, तर त्यांनाही त्याच दिवशी तपासणीच्या खुर्चीत बसवा. भावंडांना धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि तपासायला बोलावलं तर पुन्हा येतीलच असं नाही.