टेलोमरेज

गुणसूत्रांच्या टोकांशी डीएनएचे (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचे) ठराविक क्रमाचे तुकडे जोडणारे एंझाइम. गुणसूत्राच्या टोकास टेलोमिअर म्हणतात. ही संज्ञा हेरमान म्यूलर यांनी १९३८ साली प्रचारात आणली. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याच्या गुणसूत्रांत असे आढळले की, तुटलेली टोके एकमेकांस चिकटतात, नैसर्गिक टोके मात्र चिकटत नाहीत. टोकांना काही संरक्षण असले पाहिजे, हे यावरून उघड झाले.

कोशिकाविभाजनापूर्वी डीएनएची प्रतिकृती करणारे डीएनए पॉलिमरेज हे एंझाइम नवे सूत्र स्वतः सुरू करू शकत नाही. त्यास आरएनएचा (रिबोन्यूक्लिइक अम्लाचा) लहान आरंभक तुकडा लागतो व तो मागाहून काढून टाकला जातो. सूत्राच्या मध्यभागी पडलेली अशी रिकामी जागा भरून निघते. अगदी टोकाची मात्र मोकळीच राहते. त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्र किंचित आखूड व्हावयास हवे. ही अडचण ए. एम. ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये व जे. डी. वॉटसन यांनी १९७२ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिली. असे असूनही एककोशिक सजीव पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात, ते कसे, हा प्रश्न उरला.

एलिझाबेथ ब्लॅकबर्न व जोसेफ गॉल यांनी १९७८ साली टेट्राहायमिना या गोड्या पाण्यातील पक्ष्माभिकायुक्त आदिजीवाच्या टेलोमिअरांचा क्रम प्रसिद्ध केला. दोन थायमीन व त्यांमागून चार ग्वानीन असा सहा घटकांचा संच त्यात पुन्हापुन्हा येतो. जॅक शोस्टॅक व ब्लॅकबर्न यांनी १९८२ मध्ये ही टोके जोडलेले डीएनए यीस्टमध्ये घातले, तेव्हा ते तेथे टिकून राहिले. पुढे त्या टोकांवर यीस्टने स्वतःच्या क्रमाची भर घातल्याचेही आढळले. ही भर घालणारे एखादे अज्ञात एंझाइम असावे, असे अनुमान त्यावरून निघत होते. तथापि निरनिराळ्या टोकांतील डीएनएच्या देवघेवीनेही वाढ संभवते, असे मानणारा पक्ष होताच.

कॅरल ग्रायडर यांनी १९८४ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्लॅकबर्न यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच्.डी.साठी हाच विषय घेतला. जे अस्तित्वात आहे की नाही हेच ठाऊक नाही त्याचा शोध घेणे, हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने जोखमीचा विषय होय. टेट्राहायमिनाची निवड सोयीची होती; कारण त्याचे बृहत्‌केंद्रक तयार होताना गुणसूत्रांचे तुकडे पडतात व हजारो नवी टोके निर्माण होतात. या अवस्थेतील कोशिकांच्या अर्कात ग्रायडर यांनी टेलोमिअरच्या क्रमाचा कृत्रिम डीएनए तुकडा व किरणोत्सर्गी फॉस्फरसयुक्त घटक मिसळले. २५ डिसेंबर १९८४ रोजी पाहिलेल्या क्ष-किरण फिल्मवर शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटलेले होते आणि दोन पायऱ्यांतील अंतर सहा घटकांचे होते.

या संशोधनाचे खरे मोल मात्र त्यानंतरच्या तपासणीत आहे. नेहमीचेच पॉलिमरेज अर्कातील डीएनएची नक्कल करीत असेल, तरीही अशी शिडी दिसू शकली असती. ही शंका एकेक करून दूर करण्यात आली. पूरक क्रमाचे व टेलोमिअरशी संबंध नसलेले तुकडे वाढले नाहीत. यीस्टच्या टेलोमिअरच्या क्रमाचा तुकडा वाढला, पण त्यावर भर पडली ती टेट्राहायमिनाच्या क्रमाची. म्हणजे क्रमाची माहिती तुकड्यात नसून एंझाइमापाशीच होती. हे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. आरएनएचा नाश करणाऱ्या एंझाइमाने ही क्रिया थांबते, हे १९८७ मध्ये दिसून आले. ग्रायडर यांना पीएच्.डी. मिळाली तीही त्याच वर्षी. १९८९ मध्ये टेलोमरेजमधील १५९ घटकांचा आरएनए त्यांनी ओळखला. त्यातील एक छोटा भाग साच्याचे काम करतो. हा साचा बदलला की जिवंत कोशिकेतील टेलोमिअरचा क्रमही बदलतो, असे ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत १९९० साली सिद्ध झाले. ब्लॅकबर्न, ग्रायडर व शोस्टॅक यांना २००९ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मानवात हे एंझाइम प्रामुख्याने जननकोशिका व मूलकोशिका यांत कार्यशील असते. बहुतेक देहकोशिकांत ते आढळत नाही. कर्करोगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के अर्बुदांत मात्र ते पुन्हा कार्यशील झालेले असते. उलट त्याच्या आनुवंशिक न्यूनतेमुळे अस्थिमज्जा निकामी होऊ शकते. त्यामुळे टेलोमरेज म्हणजे चिरतारुण्याचे औषध, ही लोकप्रिय लेखनातून पसरलेली समजूत निराधार आहे. आरएनएमधील साच्यावरच बसून एंझाइम निष्क्रिय करणारे इमेटेलस्टॅट हे औषध अमेरिकेत २०२४ साली अस्थिमज्जेच्या एका विकारातील रक्तक्षयासाठी मान्य झाले.