चार्जरवरची बारीक अक्षरं

पासपोर्ट कसा काढायचा यावर आपण बोललो, तेव्हापासून तुमचे फोन येत आहेत, आणि त्यांत एक प्रश्न फिरून फिरून येतो: आपला मोबाइलचा चार्जर तिकडे चालतो का? लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई असो, मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलाकडे महिनाभर जाणारी असो, नाहीतर हजला निघालेली एखादी बहीण असो, प्रत्येकीच्या बॅगेत आता विजेच्या दोन-चार वस्तू असतातच. फोन तर आहेच. कुणाचं वाफ घ्यायचं मशीन असतं, कुणाची इस्त्री, आणि बाळंतपणाला जाणारीच्या बॅगेत हमखास मिक्सर. डिंकाचे, अळिवाचे लाडू करायचे तर आपलाच मिक्सर हवा, असं सगळ्यांना वाटतं. त्या मिक्सरचं काय होतं ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. परदेशात दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात: भिंतीवरच्या सॉकेटच्या भोकांचा आकार, आणि त्यातून येणाऱ्या विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. दुकानात मिळतो तो ट्रॅव्हल ॲडॉप्टर फक्त आकार जुळवतो. दाबाला तो हातही लावत नाही. शेतातल्या पाइपलाइनला आपण दोन इंची नळीला दीड इंची नळी जोडायला कपलिंग लावतो ना, तसंच हे. जोड बसला म्हणून मागून येणाऱ्या पाण्याचा जोर बदलत नाही. ज्यांची उपकरणं परदेशात जळतात, त्यांचा घोटाळा बहुतेक वेळा इथेच झालेला असतो. प्लग बसला, म्हणजे चालणारच, असं धरून बटण दाबलं जातं.

आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. इंग्लंड, युरोपातले देश, दुबई, ओमान, कतार, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, नेपाळ इथेही दाब २३० ते २४० च्या आसपासच. म्हणजे या देशांत आपली वस्तू दाबामुळे जळायची भीती नाही, फक्त भोकं जुळवायची. अमेरिका आणि कॅनडात मात्र दाब १२० व्होल्ट, जवळपास निम्मा. जपानात तर १००. सौदी अरेबियात आता २३० व्होल्ट आहेत, पण पूर्वी तिथे घरांत १२७ व्होल्टचीही सॉकेट असायची. त्यामुळे मक्केत किंवा मदिनेत जुन्या इमारतीत उतरलात तर कुठल्या सॉकेटला काय येतं हे आधी विचारून घ्या.

हे असं वेगवेगळं का, असं तुम्ही म्हणाल. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये घरोघरी दिव्यांसाठी वीज दिली ती ११० व्होल्टच्या आसपासची. अमेरिका त्याच आकड्याच्या आसपास राहिली. युरोपात नंतर दुप्पट दाब आला, कारण दाब जास्त असला की तेवढ्याच कामाला तार बारीक चालते, तांबं वाचतं. प्लगची गोष्ट तर आणखी गमतीची. आपला तीन गोल पिनांचा प्लग मुळात इंग्रजांचा. त्यांनी १९४७ साली स्वतःच्या घरासाठी तीन चौकोनी पिनांचा नवा नमुना ठरवला आणि हळूहळू जुना सोडून दिला. आपल्याकडे मात्र जुनाच राहिला. म्हणून आज लंडनला गेलेल्या बाईचा प्लग लंडनच्याच भिंतीत बसत नाही.

आता चार्जर हातात घ्या. पिनांच्या बाजूला किंवा अंगावर, तिळाएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. दिसत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीला वाचायला सांगा, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. त्यात ‘इनपुट’ या इंग्रजी शब्दापुढे काय लिहिलंय ते शोधायचं. तिथे १०० ते २४० असे दोन आकडे, पुढे व्ही हे अक्षर आणि त्यानंतर ५० आणि ६० हर्ट्झ असं दिसलं, तर तो चार्जर जवळजवळ सगळ्या जगात चालेल. १०० हा आकडा जपानसाठी पुरतो, २४० आखातासाठी. मोबाइलचे, लॅपटॉपचे आजचे बहुतेक चार्जर असेच असतात. त्यांच्या पोटात एक छोटं सर्किट आलेली वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवी तेवढीच पुढे सोडतं. त्यामुळे भिंतीतून १२० येवोत की २३०, फोनला मिळतात ते ५ किंवा ९ व्होल्टच. अशा चार्जरला परदेशात फक्त ॲडॉप्टर लागतो.

पण इनपुटपुढे नुसतं २३० लिहिलेलं असेल, किंवा २२० ते २४० असेल, तर ती वस्तू अमेरिकेत आणि जपानात न्यायची नाही. मिक्सर, इस्त्री, पाण्यात टाकायचा रॉड, राइस कुकर, इंडक्शन शेगडी, या आपल्याकडच्या सगळ्या वस्तू बहुधा याच जातीच्या.

नेली तर काय होतं? गरम होणाऱ्या वस्तूचं सांगतो. दाब निम्म्यावर आला की उष्णता निम्म्यावर येत नाही, पावपटीवर येते. आपली १००० वॉटची इस्त्री अमेरिकेत २७० वॉटच्या आसपास तापते. जळत नाही, पण साडीची चुणीही जात नाही. मिक्सर गुरगुरतो, पातं रेंगाळतं, आणि भिजवलेली डाळ घातली की अडतो. आपल्याकडे व्होल्टेज कमी आल्यावर विहिरीवरच्या मोटारीचे हाल तुम्ही बघितलेच आहेत. अडलेल्या मोटारीत गुंडाळी तापते.

यावर उपाय म्हणून लोक ट्रान्सफॉर्मर सांगतात. हा खरोखर दाब बदलतो, १२० चे २३० करतो. पण ७५० वॉटच्या मिक्सरला त्याच्या दुप्पट ताकदीचा, म्हणजे १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, कारण मोटार सुरू होताना जास्त वीज ओढते. तो चांगला जड असतो आणि ओट्यावर जागा अडवतो. कन्व्हर्टर नावाच्या हलक्या, स्वस्त डब्याही मिळतात, त्यांतल्या बऱ्याच फक्त इस्त्री किंवा केस वाळवायच्या यंत्रासाठी असतात, मोटारीला चालत नाहीत. आमचं स्पष्ट मत असं की मिक्सर न्यायचाच नाही. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत आपल्याकडचेच मिक्सर ११० व्होल्टचे बनवलेले मिळतात. लेकीला आधीच घेऊन ठेवायला सांगा, तुम्ही आल्यावर तिलाही तो उपयोगी पडेल. बॅगेतल्या त्या तीन-चार किलोंत डिंक, खारीक आणि मेतकूट न्या.

आता तब्येतीच्या यंत्रांकडे वळू, कारण इथे चूक महागात पडते. दम्यासाठी घरी वाफ घ्यायचं जे मशीन असतं, नेब्युलायझर, त्यात हवा दाबणारा छोटा पंप असतो. आपल्याकडच्या पुष्कळ मशिनांवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एवढंच लिहिलेलं असतं. अमेरिकेत ते लावलं तर पंपाला जोर येत नाही, औषधाची वाफ नीट होत नाही. मध्यरात्री दम लागल्यावर हे कळणं फार वाईट. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी मशिनचा खालचा भाग उलटून आकडे वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. सेलवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारी छोटी मशिनंही मिळतात. औषधाची चिठ्ठी इंग्रजीत लिहून सोबत ठेवा. बीपीचं मशीन बहुधा सेलवर चालतं, त्याची काळजी नाही. साखर मोजायचं यंत्रही सेलवरच चालतं, पण त्यासाठी लागणाऱ्या पट्ट्या इथूनच पुरेशा न्या, कारण तिकडच्या पट्ट्या तुमच्या यंत्राला लागतीलच असं नाही. जाता जाता सांगतो, इंग्लंडमध्ये मुलीच्या घरातल्या यंत्रावर साखर ७ दिसली तर ती कमी झाली म्हणून घाबरून गूळ खाऊ नका. तिकडचं माप वेगळं, त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. ७ म्हणजे १२६.

भोकांच्या आकाराचं आता. दुबई, ओमान, कतार, बहारिन, इंग्लंड, सिंगापूर, मलेशिया इथे तीन चपट्या, जाड, चौकोनी पिना. सौदीतही आता हेच. मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात त्या मॉरिशसमध्ये या तीन चौकोनी पिनांचे आणि युरोपसारखे दोन गोल भोकांचे, दोन्ही नमुने आढळतात. अमेरिका, कॅनडा, जपान इथे दोन पातळ उभ्या पट्ट्या. जर्मनी-फ्रान्सकडे दोन गोल पिना, त्यामुळे आपला दोन पिनांचा मोबाइल चार्जर तिथे बहुतेक थेट बसतो. ऑस्ट्रेलियात तिरक्या पट्ट्या. नेपाळला पशुपतिनाथाला जाणाऱ्यांनी काहीच घ्यायला नको, तिथे आपल्यासारखेच प्लग चालतात.

दुबईत विमान बदलून अमेरिकेला जाणार असाल तर वाटेतला आकार वेगळा आणि मुक्कामाचा वेगळा. अशांनी सगळे आकार एकाच डबीत असलेला युनिव्हर्सल ॲडॉप्टर घ्यावा. रस्त्यावरचा हलका घेऊ नका. पिना ढिल्या असलेला ॲडॉप्टर सॉकेटमध्ये लटकतो, ठिणग्या पडतात. त्यावर किती अँपिअर लिहिलंय तेही बघा. ६ अँपिअर लिहिलं असेल तर २३० व्होल्टच्या देशात तो फार तर १३८० वॉट पेलतो, अमेरिकेत ७२० च. आणि अशा बऱ्याच ॲडॉप्टरांत अर्थिंग पुढे जोडलेलंच नसतं. आपल्या प्लगची ती मोठी, जाड पिन उगाच नसते. वस्तूच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर ती त्या पिनेतून जमिनीत जाते, आपल्या अंगातून नाही. म्हणून अशा ॲडॉप्टरवर फोन, लॅपटॉप लावावा. इस्त्री, किटली तिकडचीच वापरावी.

एक सवय मात्र विमानतळावरच टाकून द्या. चौकोनी सॉकेटच्या वरच्या भोकात पेन नाहीतर काडी खुपसून खालची दोन भोकं उघडायची आणि त्यात आपला दोन पिनांचा चार्जर दाबायचा, ही युक्ती आखातात आपल्या बऱ्याच लोकांना माहीत आहे. लहान मुलाचं बोट आत जाऊ नये म्हणून त्या भोकांना आतून झडप असते, ती आपण जबरदस्तीने उघडतो. पिना आत घट्ट बसत नाहीत, तापतात. आणि ज्या घरात रांगतं नातवंड आहे तिथे तर हे करूच नये, कारण आजीने काडी घातलेली ते बघत असतं.

अमेरिकेत सॉकेटला बहुधा बटण नसतं. प्लग घातला की चालू. काढताना वायर न ओढता प्लग धरून काढायचा, हात कोरडा हवा. स्वयंपाकघरातल्या आणि बाथरूममधल्या सॉकेटवर दोन चिमुकली बटणं दिसतील, टेस्ट आणि रिसेट. वीज कुठे गळायला लागली की ते सॉकेट स्वतःच बंद पडतं. बंद पडलं तर लावलेली वस्तू काढून रिसेट दाबा. पुन्हा पडलं तर त्या वस्तूत दोष आहे, ती वापरू नका. इंग्लंडमधल्या बाथरूममध्ये साधं सॉकेट शोधत बसू नका. दाढीच्या यंत्रापुरतं एखादं छोटं असलं तर असतं.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, चालत नाही. ती हातातल्या पिशवीतच ठेवायची. त्यातली लिथियमची बॅटरी बिघडली तर पेट घेते. माणसांमध्ये असली तर कर्मचारी विझवू शकतात, खाली सामानात असली तर लवकर कुणाला कळतही नाही. साधारण नियम १०० वॉट-तासांपर्यंतचा. हिशेब सोपा आहे: पॉवर बँकेवरच्या मिलिअँपिअरच्या आकड्याला ३.७ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. १०,००० ची असेल तर ३७, २०,००० ची असेल तर ७४, दोन्ही चालतात. आकडा पुसलेला असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात. विमानात बसल्यावर पॉवर बँक वापरायला कित्येक कंपन्या आता मनाई करतात, म्हणून घरून निघतानाच फोन पूर्ण भरून घ्या. आणि लेकीचा नंबर, तिचा पत्ता, पुढच्या विमानाचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. फोन मेला तरी कागद बोलतो.

परत येतानाचं एक राहिलं. लेक प्रेमाने तिकडचा कुकर, नाहीतर केस वाळवायचं यंत्र देते. त्यावर नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ते घरी आणून आपल्या सॉकेटला लावलं की साडेतीनपटीहून जास्त वीज खातं आणि काही क्षणांत जळतं. तिकडे निम्म्या दाबावर आपली इस्त्री नुसती कोमट राहते, इकडे मात्र धूर निघतो. लेकीला दुकानात असतानाच खोका उलटून आकडे वाचायला सांगा. १०० ते २४० असेल तर खुशाल आणा.